इन दिन: जळालेलं गाव वरून कसं दिसलं, आणि वरून काय दिसू शकलं नाही

कोकणातलं किनाऱ्यावरचं एखादं गाव डोळ्यासमोर आणा. एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत भातखाचरं, झाडं, थोड्या थोड्या अंतरावर वाड्या. म्यानमारच्या राखाईन राज्यातलं इन दिन हे गाव जवळपास असंच आहे. पश्चिमेला बंगालचा उपसागर, पूर्वेला मयू डोंगररांग, राज्याची राजधानी सितवे तिथून दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर. शाळा, दवाखाना, बौद्ध मठ आणि त्यांच्या आजूबाजूला पसरलेल्या वाड्या. २०१७ मध्ये वस्ती सात हजारांच्या आसपास होती, त्यातले जवळपास ९० टक्के रोहिंग्या मुसलमान, आणि राखाईन बौद्धांची घरं मुख्यतः गावाच्या उत्तर भागात. हे उत्तर भागाचं लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच बरंच काही अवलंबून आहे.

मी जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याच्या क्षेत्रात, काम करते, आणि रोजचं काम म्हणजे पिकं. सॅटेलाइट इमेज उघडायची, कुठे ऊस, कुठे सोयाबीन, कुठे पाणी साचून पीक गेलं ते बघायचं, शेताच्या कडा आखायच्या. त्यामुळे इन दिनची इमेज पहिल्यांदा समोर आली तेव्हा ती कशी वाचायची हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही, ज्या रंगांवरून मी पीक जगलं की गेलं ते ठरवते त्याच रंगांत इथे घरं गेलेली दिसत होती. तेव्हापासून हे प्रकरण डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय.

आधी घडलं काय ते थोडक्यात. १९८२ च्या नागरिकत्व कायद्यापासून रोहिंग्या आपल्याच देशात बिनकागदाचे झालेले. २५ ऑगस्ट २०१७ ला पहाटे आरसा नावाच्या रोहिंग्या सशस्त्र गटानं सुमारे ३० पोलीस चौक्यांवर आणि एका लष्करी तळावर हल्ले केले (याच गटानं त्याच सुमारास हिंदू गावकऱ्यांनाही मारलं, ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या तपासात तो आकडा ९९ पर्यंत जातो, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं). त्यानंतर लष्करानं सुरू केलं ते 'क्लिअरन्स ऑपरेशन', म्हणजे साफसफाईची मोहीम. पुढच्या काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं नाफ नदी ओलांडून किंवा समुद्रमार्गे बांगलादेशात कॉक्स बाजारला पोचली. २५ ऑगस्ट म्हणजे त्या वर्षीची आपली गणेश चतुर्थी. आणि सरकारनं मोहीम संपल्याची जी तारीख सांगितली ती ५ सप्टेंबर, म्हणजे आपली अनंत चतुर्दशी. आपल्याकडे गणपती घरात होते तेवढ्या दिवसांत तिकडे हे चाललेलं. ही ५ सप्टेंबरची तारीखही लक्षात असू द्या.

इन दिनमध्ये २७ ऑगस्टला लष्कराच्या ३३ व्या लाइट इन्फन्ट्री डिव्हिजनचे साधारण ८० सैनिक आले. त्यानंतरच्या दिवसांत रोहिंग्यांच्या वाड्या पेटल्या. लोक डोंगरात पळाले, काही किनाऱ्यावर गोळा झाले.

आता अडचण अशी की तिकडे जाऊन बघणार कोण? पत्रकारांना बंदी, मदत करणाऱ्या संस्थांची माणसं बाहेर काढलेली, संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाला म्यानमारनं देशात पाऊलच ठेवू दिलं नाही. पत्रकारांना नेलं ते फक्त सरकारी दौऱ्यावर. आणि सरकारचं म्हणणं काय, तर ही घरं रोहिंग्यांनी स्वतःच जाळली. हे पहिल्यांदाच नव्हतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पोलीस चौक्यांवर हल्ले झाले तेव्हाही असंच झालं होतं, तेव्हा ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेनं इमेज मागून इमेज मागवून डिसेंबरपर्यंत किमान १,५०० इमारती जळाल्याचं मोजलं, आणि दाखवून दिलं की जळितं पूर्वेकडून पश्चिमेकडे अशी क्रमानं सरकत गेली आहेत. वा पेइक नावाचं गाव टप्प्याटप्प्यानं जळत होतं त्या काळात शेजारीच लष्कराची ये-जा इमेजमध्ये दिसत होती. आपलं घर आपणच जाळायचं, तेही सैनिकांच्या डोळ्यादेखत, महिनाभर, गावामागून गाव?

२०१७ ला तर फोटोच दाखवले गेले. सप्टेंबरच्या सरकारी दौऱ्यात उत्तर राखाईनमधल्या माउंगडॉ शहरातल्या एका मठात पत्रकारांच्या हातात फोटो ठेवले, मुसलमान बाया आणि पुरुष घर पेटवताहेत असे. नंतर पत्रकारांच्या लक्षात आलं की फोटोतली माणसं त्याच दौऱ्यात विस्थापित हिंदूंच्या छावणीत भेटलेली आहेत. त्याच दौऱ्यात गॉडू झारा नावाचं गाव बीबीसीच्या जोनाथन हेड यांना रस्त्यावरून पेटताना दिसलं आणि तिथून हातात कोयते घेतलेले राखाईन तरुण बाहेर येताना दिसले. म्हणजे एक फोटो बनवलेला होता आणि एक दृश्य चुकून दिसलं होतं. पण एका गावावरून शेकडो गावांचं सिद्ध होत नाही, तिथे सॅटेलाइट लागतो.

हे काम कसं चालतं ते जरा सविस्तर सांगते, कारण बातमीत नुसतं 'सॅटेलाइट इमेजमधून स्पष्ट झालं' एवढंच येतं आणि लोकांना वाटतं वर एक कॅमेरा सतत चालू असतो आणि रेकॉर्डिंग काढून बघायचं. तसं काही नसतं.

पहिला थर उष्णतेचा. सुओमी एनपीपी नावाचा अमेरिकन उपग्रह २०११ पासून फिरतोय, त्याच्यावर व्हीआयआयआरएस नावाचं सेन्सर आहे. ते दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातं आणि जमिनीवर कुठे नेहमीपेक्षा खूप गरम आहे ते टिपतं. पिक्सेल ३७५ मीटरचा, म्हणजे एका ठिपक्यात अख्खी वाडी बसते. घर दिसत नाही, 'या चौकोनात आग आहे' एवढंच कळतं. हा डेटा नासाच्या फर्म्स नावाच्या नकाशावर काही तासांत फुकट येतो, कुणीही बघू शकतं. मार्च-एप्रिलमध्ये आपला महाराष्ट्र उघडून बघा, राब भाजलेले, उसाचं पाचट पेटवलेलं, वणवे लागलेले, ठिपकेच ठिपके दिसतील. राखाईनमध्येही उन्हाळ्यात डोंगरउतारावर शेतीसाठी जाळतात, तेव्हा ठिपके येतातच. पण ऐन पावसाळ्यात, भाताची लावणी होऊन गेल्यावर, सगळं भिजून चिंब असताना, मोठ्या आगी कशाला लागतील? ॲम्नेस्टीनं १४ सप्टेंबर २०१७ ला जे प्रसिद्ध केलं त्यात नेमकं हेच होतं: २५ ऑगस्टपासून उत्तर राखाईनच्या वस्त्यांमध्ये किमान ८० मोठ्या आगी, आणि मागच्या चार वर्षांत त्याच महिन्यात त्याच भागात एवढी मोठी आग एकही नाही. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात भक्कम वाटतो तो हा चार वर्षांचा रिकामा नकाशा. नुसत्या ८० ठिपक्यांवर वाद घालता येतो, पण त्याच महिन्याची आधीची चार वर्षं कोरी असतील तर 'पावसाळ्यात आगी लागतातच' म्हणायला जागा उरत नाही.

दुसरा थर बारीक नजरेचा. खाजगी कंपन्यांचे वर्ल्डव्ह्यू वगैरे उपग्रह, त्यांत ३१ सेंटिमीटरपर्यंतचा तपशील मिळतो, म्हणजे घर, वाट, होडी, ट्रक वेगवेगळं कळतं, माणूस मात्र ओळखू येत नाही. हे उपग्रह सगळीकडचं रोज टिपत नाहीत, कुठे बघायचं ते आधी सांगावं लागतं आणि पैसे मोजावे लागतात. म्हणून आधी उष्णतेचे ठिपके आणि पळून आलेल्या लोकांनी सांगितलेली गावांची नावं, मग तिथली इमेज, असा क्रम. आणि मध्ये ढग. त्या २९ ऑगस्टला मुंबई पाण्याखाली होती ते आठवत असेल, तसलाच पावसाळा तिकडेही. ढगाखालचं या कॅमेऱ्यांना काही दिसत नाही, उष्णतेच्या सेन्सरलाही नाही. त्यामुळे मोजलेला आकडा हा 'किमान' असतो. झाडाखालची घरं सुटतात, आतून जळून भिंती उभ्या राहिलेली सुटतात, ढगाच्या दिवशी पेटून विझलेली आग ठिपक्यांच्या नकाशात येतच नाही. प्रत्यक्षात झालेलं नुकसान नेहमी जास्तच.

तिसरा थर म्हणजे माझा रोजचा, नजीकचा अवरक्त प्रकाश, आम्ही सगळे नियर इन्फ्रारेडच म्हणतो. जिवंत हिरवं पान हा प्रकाश जोरात परत फेकतं. म्हणून इमेजमधल्या या प्रकाशाच्या नोंदीला, म्हणजे बँडला, लाल रंग दिला की निरोगी झाडी इमेजमध्ये लालभडक दिसते, आणि जळालेली जागा काळपट, करडी. शेतात याच्यावरून पीक बसलं की नाही ते मी सांगते. गावात याच्यावरून घरासोबत परसातली झाडंही होरपळली का ते कळतं. हे फार महत्त्वाचं, कारण घर वाऱ्यानं पडलं, पुरानं गेलं, मालकानं सोडून दिलं, तर भोवतालची झाडं शाबूत असतात. बांबू आणि झावळ्यांची वस्ती पेटली की जमिनीवर घराच्या आकाराचा राखेचा डाग राहतो आणि भोवतीची झाडं वाळलेली, त्यांचा लाल रंग गेलेला. आणखी एक गोष्ट, पावसाळ्यात राख धुऊन जाते आणि त्या जागेवर काही आठवड्यांत तण उगवतं, आपल्याकडे पाडलेल्या घराच्या जोत्यावर श्रावणात जे होतं तेच. म्हणून डाग ताजा आहे की जुना यावरून आग कधीची ते साधारण लावता येतं, पण इमेज लवकर मिळाली तरच.

आता इन दिन. ॲम्नेस्टीनं १४ सप्टेंबरला जे दाखवलं त्यात हे गाव होतं. एकाच इमेजमध्ये, एकाच गावात, रोहिंग्यांच्या वस्तीचा भाग राख झालेला, आणि त्याच्या लगत बिगर-रोहिंग्या घरांचा भाग जसाच्या तसा, छपरं जागेवर, झाडी जिवंत. अशा इमेजवर मी काम करायचं ठरवलं तर पहिली रेघ कुठे मारीन ते मला माहीत आहे, जळालेल्याची कड. आणि ती कड वाऱ्यानं आखलेली नाही हे लगेच कळतं. आग पसरते तेव्हा ती वाऱ्याच्या दिशेनं जीभ काढत जाते, मध्ये ओढा, रस्ता, मोकळं खाचर लागलं की थांबते, पलीकडे एखादी ठिणगी उडून एकटंदुकटं घर पेटतं. इन दिनमध्ये आग जिथे थांबली ती रेघ म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यातली रेघ होती. कुणाचं घर कोणत्या धर्माचं हे आगीला कळत नाही, लावणाऱ्याला कळतं.

इथे माझ्यासारख्या माणसाचा मोह होतो की झालं, सिद्ध झालं. पण नाही होत. इमेजवरून मी सांगू शकते की काय जळालं, साधारण कधी, किती, कोणत्या नमुन्यात. काडी कुणाच्या हातात होती हे नाही सांगू शकत. कुणाच्या हुकुमावरून हे तर त्याहून नाही. उत्तर भाग कुणाचा आणि दक्षिणेकडची वाडी कुणाची हेसुद्धा इमेज सांगत नाही, ते तिथल्या माणसानं सांगावं लागतं. रोहिंग्यांची वस्ती कुठली हे कळलं ते कॉक्स बाजारच्या छावण्यांत बसून गावाचा नकाशा तोंडी सांगणाऱ्या बायाबापड्यांकडून. त्यांचं बोलणं आणि इमेज जुळली म्हणून दोन्हीला वजन आलं. नुसत्या बोलण्याला 'बनावट गोष्टी' म्हणून उडवून लावलं जात होतं, आणि नुसती इमेज म्हणजे मुका साक्षीदार.

आणि इमेजला जे अजिबात दिसलं नाही ते असं. १ सप्टेंबरला किनाऱ्यावर आसरा घेतलेल्या लोकांतून दहा जणांना वेगळं काढलं. १७ ते ४५ वयाचे. मासेमारी करणारे, दुकानदार, हायस्कूलमधली दोन मुलं, एक धार्मिक शिक्षक. दुसऱ्या दिवशी सकाळी, २ सप्टेंबरला, त्यांना गावाजवळच मारलं. काहींना बौद्ध गावकऱ्यांनी कोयत्यांनी, बाकीच्यांना सैनिकांनी गोळ्या घालून. एकाच खड्ड्यात पुरलं. त्या दिवशी आपल्याकडे बकरी ईद होती.

हे बाहेर आलं ते रॉयटर्स वृत्तसंस्थेच्या वा लोन आणि क्याव सो ऊ या दोन तरुण पत्रकारांमुळे. क्याव सो ऊ स्वतः राखाईन बौद्ध, त्याच भागातला. त्यांनी इन दिनमध्ये जाऊन बौद्ध गावकऱ्यांशीच बोलून घेतलं, आणि गावकऱ्यांनी कबूल केलं की आम्ही घरं पेटवली, प्रेतं पुरली. फोटो मिळाले: दहा माणसं एका ओळीत गुडघ्यांवर बसलेली, मागे हत्यारं घेतलेली माणसं. आणि मग खड्ड्यातल्या मृतदेहांचा. माझ्या इमेजमध्ये ही जागा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी हिरव्यातला एक हिरवा ठिपका. त्या पिक्सेलकडे मी कितीही वेळ बघत बसले असते तरी मला काहीही कळलं नसतं, ही गोष्ट मी नव्यानं या कामात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

त्या दोघांना १२ डिसेंबर २०१७ ला यांगूनमध्ये पकडलं. पोलिसांनी जेवायला बोलावून हातात कागद दिले आणि बाहेर पडताच अटक. नंतर एका पोलीस कॅप्टननं कोर्टात साक्ष देताना सांगितलं की हा सापळा होता, तर त्यालाच तुरुंगात जावं लागलं. गुन्हा कोणता, तर १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, त्यामुळे आपल्याकडचा आणि त्यांचा कायदा मुळात एकच. दोघांना सात सात वर्षांची शिक्षा झाली आणि ५०० हून जास्त दिवस तुरुंगात काढल्यावर मे २०१९ मध्ये ते सुटले. दरम्यान रॉयटर्सनं ८ फेब्रुवारी २०१८ ला त्यांची बातमी छापली, त्यात साक्षी, फोटो आणि गावाच्या आधीच्या-नंतरच्या सॅटेलाइट इमेज एकत्र मांडलेल्या होत्या. लष्करानं त्याआधीच जानेवारीत दहा जणांना मारल्याचं कबूल केलं होतं, पण 'दहशतवादी' म्हणून. सात सैनिकांना दहा वर्षं सक्तमजुरी सुनावली आणि वर्षही पुरं व्हायच्या आत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सोडून दिलं. मारणारे लिहिणाऱ्यांपेक्षा कमी दिवस आत राहिले. हे लिहितानाही हात थांबतो.

आता ती ५ सप्टेंबरची तारीख. १९ सप्टेंबर २०१७ ला म्यानमारच्या तेव्हाच्या नेत्या आंग सान स्यू की यांनी भाषणात सांगितलं की ५ सप्टेंबरनंतर कसलीही कारवाई झालेली नाही. साक्षीदार म्हणत होते की झाली. साक्षीदाराची तारीख कधी कधी चुकते, पळणाऱ्या माणसाकडे कॅलेंडर नसतं, आणि कोर्टात याच्यावरच बोट ठेवलं जातं. इमेजवर मात्र तारीख आणि वेळ कोरलेली असते. ऑक्टोबरमध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं किमान २८८ गावं अंशतः किंवा पूर्ण जळाल्याचं सांगितलं आणि त्यातली किमान ६६ गावं ५ सप्टेंबरनंतर जळालेली. ५ तारखेनंतरच्या इमेजमध्ये नवीन डाग दिसतो, जो आधीच्या इमेजमध्ये नाही, एवढं साधं. डिसेंबरपर्यंत आकडा ३५४ झाला, आणि त्यातली ४० गावं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जळालेली. २३ नोव्हेंबरला म्यानमारनं बांगलादेशाशी लोकांना परत घेण्याचा करार केला, त्याच आठवड्यातही घरं जळत होती.

संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकानं २०१८ मध्ये अहवाल दिला, त्यांना सॅटेलाइटचं काम यूएनओसॅट या संयुक्त राष्ट्रांच्याच उपग्रह केंद्रानं करून दिलं. ३९२ गावं, उत्तर राखाईनमधल्या सगळ्या वस्त्यांच्या साधारण ४० टक्के, आणि किमान ३७,७०० इमारती. जळितातला साधारण ८० टक्के भाग पहिल्या तीन आठवड्यांतला. काही लोक विचारतात ३५४ खरं की ३९२, म्हणजे कुणीतरी फुगवून सांगतंय का. तसं नाही, मोजणी कोणत्या तारखेपर्यंतची, 'गाव' म्हणून कुठली वाडी वेगळी धरली, याच्यावर आकडा बदलतो. आपल्याकडे तरी महसुली गाव आणि वाडी-वस्तीचे आकडे कुठे जुळतात? दोघांनी स्वतंत्रपणे मोजून चित्र एकच निघालं, याचं मला जास्त महत्त्व वाटतं.

मग बुलडोझर आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं दाखवलं की किमान ५५ गावं सपाट केली गेली आहेत, जळकी जोती, झाडं, विहिरी, वाटा, सगळंच. त्यातली किमान दोन गावं तर आधी आगीतून वाचलेली होती. सरकारचं म्हणणं की परत येणाऱ्यांसाठी जागा तयार करतोय. पण गुन्ह्याच्या तपासाच्या दृष्टीनं ही घटनास्थळं होती, तिथे अजून एकही स्वतंत्र तपासनीस पोचलेला नव्हता. कोण कुठे राहत होतं, मशीद कुठे होती, दफनभूमी कुठे, सगळं एका सपाट मातीत गेलं. मार्चमध्ये ॲम्नेस्टीनं पुढचं दाखवलं, की या साफ केलेल्या जागांवर सुरक्षा दलांचे नवे तळ बांधले जात आहेत, आणि त्यात इन दिनही होतं. रोहिंग्यांच्या वाड्या जिथे होत्या तिथे तळ.

या टप्प्यावर जुन्या इमेजचं काम बदलतं. आतापर्यंत ती 'काय जळालं' याचा पुरावा होती, आता 'इथे काहीतरी होतं' याचाही तीच पुरावा. जमिनीवरचा पुरावा पुसला तरी २०१७ च्या आधीची इमेज संग्रहात आहे, तिला बुलडोझर लागत नाही. गांबिया या छोट्या आफ्रिकी देशानं नोव्हेंबर २०१९ मध्ये म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, डिसेंबरात स्यू की स्वतः बचावाला उभ्या राहिल्या आणि इन दिनचा उल्लेख त्यांनाही करावाच लागला. २३ जानेवारी २०२० ला न्यायालयानं एकमतानं जे अंतरिम आदेश दिले त्यात नरसंहाराची कृत्यं रोखण्याबरोबर एक असाही होता की पुरावे नष्ट होऊ देऊ नका, जपून ठेवा. ५५ गावांचे बुलडोझर ज्यांनी वरून पाहिले होते त्यांना हे कलम कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

माझ्या मते या कामात एक धोकाही आहे, आणि तो तांत्रिक नाही. इमेज देखणी असते, आधी हिरवं आणि नंतर राख, दोन चौकोन शेजारी ठेवले की बातमी होते. मग हळूहळू लोक इमेजलाच पुरावा म्हणायला लागतात आणि ज्या बाईनं आपला मुलगा कुठे पडला ते सांगितलं तिचं बोलणं 'दुजोरा' होऊन बसतं. क्रम उलटा होता. आधी ती बोलली. तिच्या बोलण्यावरून कुठल्या दिवसाची, कुठल्या गावाची इमेज मागवायची ते ठरलं. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेनं छावण्यांत घरोघरी विचारून केलेल्या पाहणीत पहिल्या एका महिन्यात किमान ६,७०० रोहिंग्या मारले गेल्याचा अंदाज निघाला, त्यात पाच वर्षांखालची किमान ७३० मुलं. हा आकडा कुठल्याच उपग्रहाला मोजता आला नसता, तो लोकांच्या तोंडूनच आला.

काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण आपल्याकडेही आता बरीच पोरंपोरी जीआयएस शिकून अशा संस्थांना मदत करायला जातात. एक, अनिश्चितता लिहा. 'जळालं' आणि 'जळालं असण्याची शक्यता' हे वेगळे रकाने ठेवा, ढगाखालचा भाग 'शाबूत' म्हणून मोजू नका, 'दिसत नाही' म्हणूनच लिहा. चुकीनं मोजलेलं एक घर समोरच्या वकिलाला पुरतं. आणि दुसरं, लोक लपलेत ती जागा, पळण्याची वाट, इमेजवर दिसली म्हणून लगेच प्रसिद्ध करायची नसते. पीकविम्याच्या कामात माझी चूक झाली तर कुणाला तरी पैसे कमी मिळतात, तेही वाईटच, पण इथे चूक झाली तर माणूस सापडतो.

इन दिनवरून जे पळाले त्यांतले कितीतरी अजून छावण्यांत आहेत. परत पाठवण्याची बोलणी निघाली की ते विचारतात, कुठे परत? माउंगडॉजवळच्या कान क्या या गावाचं तर नावच सरकारी नकाशातून काढून टाकलंय, त्या जागेवर सरकारी आणि लष्करी इमारती उभ्या राहिल्या. कधी वेळ मिळाला तर गूगल अर्थ उघडा, जुन्या इमेज दाखवणारा स्लायडर असतो तो २०१७ च्या आधी ओढा, आणि इन दिनवर थांबा. वाड्या आहेत, वाटा आहेत, मध्ये शाळेचं छप्पर. आता स्लायडर पुढे आणा.